'अनलिमिटेड' क्लाउड स्टोरेज बंद का झालं? फुकटचे २ टीबी भरण्याआधी हे वाचा

ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी रिलायन्स आणि गूगलनं एक घोषणा केली. जिओच्या पात्र अनलिमिटेड ५जी ग्राहकांना गूगलचा एआय प्रो प्लॅन १८ महिने फुकट, किंमत ३५,१०० रुपये. सुरुवातीला १८ ते २५ वयोगटासाठी आणि मग बाकीच्यांसाठीही. बहुतेकांचं लक्ष त्यातल्या जेमिनीकडे गेलं. पण ज्यांच्या कपाटात फोटो, व्हिडिओ आणि गाण्यांनी भरलेल्या चार-चार हार्ड डिस्क पडून आहेत, त्यांची नजर दुसऱ्याच ओळीवर अडकली: सोबत २ टीबी क्लाउड स्टोरेज.

दोन टीबी म्हणजे २,००० जीबी. गूगलचं साधं फुकट खातं १५ जीबीचं असतं, त्याच्या १३० पटींहून जास्त. मग काय, लोकांनी डिस्क जोडल्या आणि अपलोड सुरू केलं. २०१२ ची लग्नं, बारशी, वारीचे फोटो, वडिलांनी कॅसेटवर टेपलेल्या मैफली, सगळं चाललं वर.

आता साधं गणित करा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्यांनी ही ऑफर सुरू केली, त्यांची मुदत मे २०२७ च्या आसपास संपते. त्या दिवशी खातं परत १५ जीबीवर येतं. तुम्ही वर ठेवलेत दीड टीबी. मग?

हा प्रश्न फक्त एका ऑफरचा नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांनी 'हवं तेवढं ठेवा' असं सांगून लोकांना बोलावलं, आणि लोक खरोखरच हवं तेवढं ठेवायला लागले तेव्हा दार बंद केलं. हे का होतं ते कळलं, की तुमचा संग्रह कुठे ठेवायचा हे ठरवणं सोपं जातं.

अनलिमिटेड थाळीचा हिशोब

अनलिमिटेड थाळीवाल्या हॉटेलचा मालक वेडा नसतो. शंभरातली नव्वद माणसं तीन चपात्या, दोन वाट्या भाजी आणि थोडा भात खाऊन उठतात, हे त्याला ठाऊक असतं. थाळीचा दर त्या नव्वदांवर ठरतो. एखादा पैलवान आला आणि पंचवीस चपात्या खाऊन गेला, तरी चालतं. पण तालमीतले सगळेच रोज यायला लागले, की दुसऱ्या महिन्यात पाटी बदलते.

क्लाउडचं अगदी हेच झालं, आणि त्याची सगळ्यात स्पष्ट कबुली मायक्रोसॉफ्टनं दिली. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीनं ऑफिस ३६५ घेणाऱ्यांना वनड्राइव्हवर अमर्याद जागा जाहीर केली. जेमतेम वर्षभरात, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ती मागे घेतली. कारण सांगितलं ते असं की काही मोजक्या ग्राहकांनी अनेक संगणकांचे बॅकअप, सिनेमांचे पूर्ण संग्रह आणि टीव्हीची रेकॉर्डिंग्ज टाकली होती. काहींचा वापर ७५ टीबीच्या वर गेला होता, म्हणजे सरासरीच्या १४,००० पट.

या आकड्याला उलटा भागाकार द्या. ७५ टीबी भागिले १४,००० म्हणजे साधारण साडेपाच जीबी. म्हणजे 'अमर्याद' जागा मिळालेला सरासरी ग्राहक जेमतेम एका डीव्हीडीपेक्षा थोडं जास्त ठेवत होता! अनलिमिटेडची जाहिरात याच माणसाच्या भरवशावर केली जाते. तुमच्याकडे ४ टीबीचा संग्रह असेल, तर जाहिरात कितीही गोड असली तरी कंपनीच्या हिशोबात तुम्ही पैलवान आहात.

मायक्रोसॉफ्टनं तेव्हा अमर्याद जागा १ टीबीवर आणली. पण त्याच झटक्यात फुकट खात्याचे १५ जीबीही ५ जीबी केले. पंचवीस चपात्या खाल्ल्या दुसऱ्यानंच, आणि आपल्या ताटातला पापड गेला.

एकामागून एक

ॲमेझॉननं मार्च २०१५ मध्ये अमेरिकेत वर्षाला ६० डॉलरमध्ये सगळ्या प्रकारच्या फायलींसाठी अमर्याद जागा देऊ केली होती. जून २०१७ मध्ये ती योजना बंद झाली. फ्लिकरनं २०१३ मध्ये फोटोवाल्यांना १ टीबी फुकट दिलं. २०१८ मध्ये ती साइट स्मगमगकडे गेली आणि त्याच वर्षी फुकट खात्यांसाठी हजार फोटोंची मर्यादा जाहीर झाली. जगभरातल्या हौशी फोटोग्राफरांना तेव्हा आपापले अल्बम उतरवून घ्यावे लागले.

आपल्याकडे सगळ्यात जास्त लोकांना टोचला तो गूगल फोटोजचा निर्णय. मे २०१५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा १६ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो अमर्याद आणि फुकट होते. नोव्हेंबर २०२० मध्ये गूगलनं सांगितलं की १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीत धरले जातील. तेव्हा कंपनीनंच दिलेले आकडे असे होते: सेवेत ४ लाख कोटींहून जास्त फोटो, आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नव्या फोटो-व्हिडिओंची भर. एक गोष्ट मात्र गूगलनं पाळली. त्या तारखेआधी 'हाय क्वालिटी'त चढवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत. त्यामुळे जागा करायची म्हणून २०१८ चे फोटो पुसायला जाऊ नका. त्यातून बहुधा एक एमबीही सुटणार नाही, आणि तेच फोटो पुन्हा चढवलेत तर या वेळी मात्र ते मोजले जातील.

मग शाळा-कॉलेजांची पाळी आली. गूगल शिक्षण संस्थांना अमर्याद जागा देत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालं की आता पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी मिळतील, आणि आधीच्या संस्थांना हा नियम जुलै २०२२ पासून लागू होईल. वीस हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ धरा: माणशी ५ जीबी.

शेवटचा मोठा बुरूज ड्रॉपबॉक्सचा. त्यांच्या कंपन्यांसाठीच्या एका प्लॅनमध्ये 'लागेल तेवढी जागा' होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तीही संपली आणि तीन जणांच्या खात्याला मिळून १५ टीबी अशी मर्यादा आली. ड्रॉपबॉक्सनं दिलेली कारणं वाचण्यासारखी आहेत. काही लोक एकमेकांची ओळखदेख नसताना एकत्र खातं घेऊन जागा वाटून घेत होते. काही ती जागा विकत होते. आणि काही 'चिया' नावाचं आभासी चलन मिळवायला ती वापरत होते. या चलनात संगणकाच्या ताकदीऐवजी डिस्कवरची जागा भरावी लागते, त्यामुळे अमर्याद जागा म्हणजे फुकटची खाण. शिवाय दुसऱ्या कंपन्यांनी अमर्याद योजना बंद केल्या तसे तिकडचे पैलवान इकडे आले, हेही कंपनीनं सांगितलं. शेवटची खानावळ उरली, की गर्दी तिथेच होणार.

पण जागा तर स्वस्त होत चाललीय ना?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. १ एप्रिल २००४ ला जीमेल १ जीबी घेऊन आलं तेव्हा अनेकांना तो एप्रिल फूल वाटला होता, कारण हॉटमेल तेव्हा २ एमबी देत होतं. त्या मानानं आज जागा मातीमोल आहे. मग मर्यादा कशाला?

कारण तुम्ही विकत घेता ती डिस्क एकदाच विकत घेता. क्लाउडमध्ये ठेवलेली फाइल मात्र दर महिन्याला खर्च मागते. ती एकाच ठिकाणी नसते, तिच्या प्रती किंवा तुकडे अनेक डिस्कवर ठेवलेले असतात. त्या डिस्क वीज खातात, त्यांना गार ठेवायला पुन्हा वीज लागते, आणि त्या मरतातही. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या डिस्क किती बिघडतात याचे आकडे नियमितपणे जाहीर करते. २०२४ मध्ये त्यांच्याकडे ३ लाखांहून जास्त डिस्क होत्या आणि वर्षाचं बिघाडाचं प्रमाण साधारण दीड टक्का होतं. म्हणजे रोज डझनभर डिस्क काढून नव्या लावायच्या. तुम्ही २०१४ चा व्हिडिओ दहा वर्षांत एकदाही उघडला नाहीत, तरी त्याच्यासाठी हे सगळं चालूच असतं.

त्यात फायलींचा आकार फुगतोय. आयफोनवर ४के व्हिडिओ साध्या ३० फ्रेमच्या सेटिंगला मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतो. या हिशोबानं १५ जीबीत दीड तासाचाही व्हिडिओ बसत नाही. एका लग्नाचा मुहूर्त, जेवणं आणि वरात शूट केली, की फुकट खातं संपलं.

फोन भरण्यात तर आपण आधीपासून पुढे आहोत. २०१८ च्या सुरुवातीला 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या हवाल्यानं छापलं होतं की भारतात दर तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत हे प्रमाण दहात एक होतं. कारण? गुड मॉर्निंगचे फोटो. आणि ते फोटो आता क्लाउडचीही जागा खातात. २०१८ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअप गूगलच्या जागेत मोजला जात नव्हता. २०२४ पासून तो मोजला जाऊ लागला. तुमच्या नातेवाइकांचं 'स्टोरेज भरलं' अशी तक्रार त्या सुमारास अचानक वाढली असेल, तर कारण बहुधा हेच.

जीबी मोजून झालं, पण बाकीच्या मर्यादांचं काय?

मोठा संग्रह असणाऱ्यांची खरी अडचण इथे सुरू होते. प्लॅनवर २ टीबी लिहिलेलं असतं, पण ते २ टीबी वर नेण्याचा रस्ताच अरुंद असतो.

मोबाइल डेटावर रोज २ जीबी मिळतात असं धरा. सगळा डेटा फक्त अपलोडला वापरला, तरी १ टीबी वर जायला ५०० दिवस लागतील. म्हणजे १८ महिन्यांच्या ऑफरमधले साडेसोळा महिने नुसतं चढवण्यात जाणार, आणि उतरवायला तेवढेच वेगळे. घरचं ब्रॉडबँड असेल तर गोष्ट वेगळी. ४० एमबीपीएसचा अपलोड वेग अखंड मिळाला तर १ टीबीला सव्वादोन-अडीच दिवस लागतात, १० एमबीपीएस असेल तर नऊ-साडेनऊ दिवस. अर्थात वीज न जाता, वायफाय न तुटता. तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांनी यात स्वतःच्या अनुभवानं भर घालावी. शिवाय आपल्याकडच्या 'अनलिमिटेड' ब्रॉडबँडलाही बहुतेक ठिकाणी महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते आणि तिच्यात अपलोडही मोजलं जातं. तिथेही थाळीचाच नियम.

सेवांच्या स्वतःच्याही अटी असतात. गूगल ड्राइव्हवर एका खात्याला दिवसाला ७५० जीबीपेक्षा जास्त चढवता येत नाही. ही मर्यादा घरगुती माणसाला सहसा लागत नाही. पण फायलींची संख्या लागू शकते. २०२३ च्या सुरुवातीला काही लोकांच्या लक्षात आलं की ड्राइव्हवर नव्या फायली जातच नाहीत. गूगलनं गाजावाजा न करता खात्यामागे ५० लाख फायलींची मर्यादा लावली होती. जागेचे पैसे भरलेले, जागा शिल्लक, तरी फाइल जात नाही! ओरड झाल्यावर एप्रिल २०२३ मध्ये कंपनीनं ही मर्यादा मागे घेतली. वनड्राइव्हवर तर मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की ३ लाखांपेक्षा जास्त फायली सिंक करू नका, वेग मंदावतो.

यावर एक साधा उपाय आहे. हजारो बारीक फायलींचे जुने फोल्डर, ज्यात आता काही बदलणार नाही, ते वर्षानुसार झिप करून ठेवा. '२०११-दिवाळी' असा एक गठ्ठा. अपलोड वेगानं होतं आणि मोजणीही सोपी राहते. मात्र झिपमधले फोटो ॲपमध्ये दिसणार नाहीत, तेव्हा रोज बघायचे अल्बम असे बांधून ठेवू नका.

'लाइफटाइम अनलिमिटेड, फक्त २९९ रुपयांत'

अशा जाहिराती तुम्ही टेलिग्रामवर किंवा इन्स्टाग्रामच्या रील्सखाली पाहिल्या असतील. यातली मोठी संख्या म्हणजे कुठल्या तरी कॉलेजच्या किंवा कंपनीच्या खात्यातून काढून विकलेली जागा. त्या खात्याचा ॲडमिन दुसराच कोणी असतो. तो तुमच्या फायली बघू शकतो, पुसू शकतो, आणि संस्थेनं सफाई केली की तुम्हाला कुणी विचारतही नाही. शिक्षण संस्थांची अमर्याद जागा गेली तेव्हा अशा विकत घेतलेल्या जागांचा पायाच गेला. दोनशे नव्व्याण्णव रुपयांचं दुःख फार नसतं, पण वर ठेवलेल्या फोटोंची दुसरी प्रत नसेल तर असतं.

सरळ मार्गानं विकले जाणारे 'लाइफटाइम' प्लॅनही आहेत. स्वित्झर्लंडची पीक्लाउड कंपनी असे विकते आणि लाइफटाइम म्हणजे खातेदाराचं आयुष्य किंवा ९९ वर्षं, यातलं जे कमी असेल ते, असं स्पष्ट लिहिते. पण खऱ्या अर्थानं ते कंपनीचं आयुष्य असतं, कारण एकदाच घेतलेल्या पैशांत डिस्क बदलण्याचा दर महिन्याचा खर्च कायम भागवायचा असतो. आमच्या मते ती दुसरी किंवा तिसरी प्रत ठेवायला चालेल, एकुलती एक प्रत ठेवायला नको.

टेलिग्रामच्या 'सेव्ह्ड मेसेजेस'मध्ये सिनेमे आणि पीडीएफ साठवणारेही खूप आहेत. तिथे एकूण जागेला मर्यादा नाही, एका फाइलला २ जीबीची आहे आणि प्रीमियमला ४ जीबीची. पण खातं ठरावीक काळ वापरलं नाही तर ते आपोआप पुसलं जातं, आणि फोल्डरची रचना वगैरे काही नसते. मित्राला मोठी फाइल पाठवायला उत्तम, आजोबांचे फोटो जपायला नाही. टेराबॉक्स १ टीबी फुकट देतं, पण जाहिराती आणि मंद वेगाच्या बदल्यात. भरताना हे खटकत नाही, एक टीबी परत उतरवायची वेळ आली की कळतं.

जागा भरली तर नेमकं काय होतं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मुदत संपली, खातं १५ जीबीवर आलं आणि वर दीड टीबी पडलेत. फायली त्याच दिवशी पुसल्या जात नाहीत. तुम्ही त्या बघू शकता, उतरवू शकता. पण नवं काही चढत नाही. आणि सगळ्यात जास्त त्रास होतो तो जीमेलचा: मेल जात नाहीत आणि येतही नाहीत. बँकेचं स्टेटमेंट, नोकरीच्या मुलाखतीचं पत्र, रेल्वेचं तिकीट, सगळं पाठवणाऱ्याकडे परत. फोटोंच्या हौसेपायी कामाचा मेल बंद पडला, असा हा प्रकार. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं खातं मर्यादेबाहेर राहिलं, तर कंपनी त्यातला मजकूर पुसू शकते, त्याआधी सूचना देऊन.

म्हणून मोठा संग्रह वर ठेवायचाच असेल, तर त्यासाठी वेगळं खातं वापरणं शहाणपणाचं. बँक, आधार, शाळा, कंपनी यांना दिलेला मेल आणि २ टीबीचा ढीग एकाच खात्यात नको. जिओची ऑफर ज्या खात्याला जोडाल तिथेच जागा मिळते, तेव्हा जोडण्याआधी हा विचार करा.

याला दुसरंही कारण आहे. २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अमेरिकेतल्या एका वडिलांची हकीकत छापली होती. त्यांनी आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला, तो आपोआप क्लाउडवर गेला, यंत्रणेनं तो आक्षेपार्ह ठरवला आणि त्यांचं गूगल खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. मेल, फोटो, संपर्क, सगळं एकदम गेलं. अशी वेळ क्वचित येते. पण आली की २ टीबी काय आणि २०० टीबी काय.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे अजून अनेकांना माहीत नसतं. लॅपटॉपवरचा फोल्डर ड्राइव्हशी जोडलेला असेल आणि घरातल्या कुणी तो फोल्डर पुसला, तर तो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळतात, मग संपलं.

मग मोठ्या संग्रहाचं करायचं काय?

तुमचा संग्रह १०० जीबीच्या आत असेल, तर फार डोकं लावू नका. गूगलचा १०० जीबीचा प्लॅन भारतात बरीच वर्षं महिना १३० रुपयांच्या आसपास आहे. घ्या आणि वर एक पेनड्राइव्ह किंवा डिस्कवर प्रत ठेवा. दोन टीबीपर्यंत असेल तर महिना ६५० रुपयांच्या आसपासचा प्लॅन घरातल्या आणखी पाच जणांत वाटून घेता येतो. सहा जणांत माणशी शंभर-सव्वाशे रुपये पडतात, आणि एकमेकांच्या फायली एकमेकांना दिसत नाहीत. (हे दर बदलत असतात, भरण्याआधी ॲपमध्ये बघून घ्या.)

त्याच्या वरचा संग्रह असेल, तर खरं उत्तर कंटाळवाणं आहे: स्वतःच्या दोन हार्ड डिस्क. एक घरी, एक दुसऱ्या घरी. भावाकडे, गावाला, कुठेही, पण त्याच कपाटात नको. चोर आणि पाणी दोन्ही एकाच कपाटात येतात. महापुरात सांगली-कोल्हापूरच्या घरांत काय काय वाहून गेलं ते आपण २०१९ मध्ये पाहिलंय. पीटर क्रोग या फोटोग्राफरनं लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम हाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. ती तिसरी प्रत क्लाउडवर ठेवा, पण सगळ्या संग्रहाची नव्हे. जे पुन्हा कुठूनही मिळणार नाही तेवढंच वर पाठवा. डाउनलोड केलेले सिनेमे परत मिळतात. आजीच्या आवाजातली ओवी मिळत नाही. हे वेगळं करायला बसलात, की पाच टीबीच्या संग्रहातून वर पाठवण्यासारखं अनेकदा दोन-तीनशे जीबीच निघतं.

थोडं तांत्रिक जमत असेल, तर ॲमेझॉनसारख्या कंपन्यांचं 'थंड' स्टोरेजही आहे. ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये १ टीबी ठेवायला महिन्याला साधारण १ डॉलर पडतो. ऐकायला भारी वाटतं. पण तेच १ टीबी इंटरनेटवरून परत उतरवायला सुमारे ९० डॉलर लागतात, आणि मागणी केल्यावर फाइल तयार व्हायला बारा तासांपर्यंत वाट बघावी लागते. घर जळालं तरच उघडायची अशी पेटी म्हणून ती चांगली आहे. रोजचं कपाट म्हणून नाही.

डिस्क घेताना आणखी एक गोष्ट. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. दुकानदारानं फसवलेलं नसतं, मोजण्याच्या दोन पद्धतींचा तो फरक आहे. आणि वर्षातून एकदा तरी डिस्क जोडून दोन-चार फायली उघडून बघा. पाच वर्षं न जोडलेली डिस्क चालू होईल अशी फक्त आशा असते.

फोटो वर पाठवताना 'स्टोरेज सेव्हर' निवडलंत तर फोटो लहान होऊन जातात. त्यात काही चूक नाही, मोबाइलवर फरक दिसतही नाही. पण त्यानंतर फोनमधल्या मूळ प्रती 'फ्री अप स्पेस' दाबून काढल्यात, तर मूळ दर्जाचा फोटो जगात कुठेच राहत नाही. मूळ प्रत आधी डिस्कवर घ्या, मग ते बटण दाबा.

आणि जिओची ऑफर घेतली असेल, तर मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका. गूगलमधून सगळं एकदम उतरवायला 'टेकआउट' नावाची सोय आहे. ती तुमचा मजकूर झिप फायलींमध्ये बांधून देते, एक झिप जास्तीत जास्त ५० जीबीची. म्हणजे १ टीबीला किमान वीस. त्या तयार व्हायला काही तास किंवा दिवसही लागू शकतात, आणि तयार झालेली लिंक सुमारे आठवडाभरच चालते. या आठवड्यात तुमच्या नेटवर जेवढं उतरेल, तेवढाच गठ्ठा एका वेळी मागवा: एका खेपेला सगळा ड्राइव्ह न निवडता एखाद-दोन फोल्डर किंवा एखाद-दोन वर्षांचे अल्बम निवडा, उतरवा, उघडून तपासा आणि मग पुढचे मागवा.